व्हॉल्व्हची पिन

“धाकट्या ताई मागे झोपल्यात का?” बॉनेटचा खटका चाचपत मिस्त्रीने विचारले.

“ती नाही आली,” थोरली म्हणाली. तिने इंजिन बंद केले, पण ती उतरली नाही. स्टीअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसली.

मिस्त्रीला चुकल्यासारखे झाले. सकाळपासून त्याने काय काय केले होते ते सांगितले तर तुम्ही हसाल. थोरलीचा फोन आल्या आल्या त्याने शेड झाडून काढली, तेलाचे डाग पडलेला शर्ट बदलला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटांचा पुडा आणला. तोही स्वतःच्या आवडीचा नाही, धाकटीला आवडतात तसल्या साखर पेरलेल्या बिस्किटांचा. आता तो पुडा हत्यारांच्या कपाटावर उगाच पाहुण्यासारखा बसून होता.

“बरं नाही का त्यांना?”

“एसी बघा आधी. गार हवा नाहीच. नुसती वाफ येते तोंडावर.”

थोरलीचे बोलणे पहिल्यापासून असेच तोडून टाकल्यासारखे. निवृत्त होईपर्यंत तिने रुग्णवाहिका चालवली होती. बाजूला व्हा, एवढेच जगाला सांगत आलेली बाई; तिच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा कुणी ठेवू नये. गोड बोलायचे काम धाकट्या बहिणीकडे होते. धाकटी लवकर विधवा झालेली, शिवणाचे वर्ग चालवून पोट भरलेली आणि इतकी बडबडी, की थोरलीला गप्प बसायला ती आयतेच निमित्त पुरवायची. दोघींनी मिळून ही जुनी घरगाडी घेतली होती. मागे दोन बाकडी, ओटा, इवलासा संडास, छतावर एक मोठा एसी. पण छतावरचा तो एसी गाडी कुठेतरी उभी करून विजेची तार जोडली तरच चालणार. धावत्या गाडीत भरवसा सगळा डॅशबोर्डच्या एसीवर, आणि त्या एसीत गॅस भरायला दर उन्हाळ्याच्या तोंडावर दोघी मिस्त्रीकडे यायच्या.

मिस्त्रीचे काम तेवढेच. गाड्यांच्या एसीत गॅस भरायचा. गॅरेजांच्या रांगेतली सगळ्यात शेवटची शेड त्याची आणि शेडीवरच्या एका खोलीत मुक्काम. लग्न झाले नाही. का झाले नाही हे विचारणारी माणसेही आता राहिली नव्हती. आई होती तोवर घरात कुणीतरी खोकत तरी होते. आता संध्याकाळी वर गेला, की तो रेडिओ लावायचा आणि बातम्या देणाऱ्या बाईने नमस्कार म्हटला की नमस्कार म्हणायचा. आधी गंमत म्हणून म्हणायचा, पुढे सवयच झाली.

गिऱ्हाइके येत नव्हती असे नाही. यायची, किल्ली हातावर टेकवायची आणि समोरच्या झाडाखाली मोबाईलमध्ये तोंड घालून बसायची. झाले का, विचारायची आणि निघून जायची. या कामात एक रीत असते. गॅस भरून झाला, की इंजिन चालू ठेवून, दारेखिडक्या लावून, हवेच्या जाळीत थर्मामीटर खोचून बसायचे आणि पारा कुठवर उतरतो ते बघायचे. इतरांच्या गाड्यांत मिस्त्री एकटाच बसायचा. या दोघींच्या गाडीत मात्र तिघे असत. थोरली स्टीअरिंगवर, मिस्त्री तिच्या शेजारच्या सीटवर आणि मधल्या जागेत बुटक्या स्टुलावर धाकटी, चहाचा थर्मास घेऊन.

“मिस्त्री, उतरला का हो ताप आमच्या गाडीचा?” ती विचारायची.

ताप केव्हाच उतरलेला असायचा. मिस्त्री म्हणायचा, “अजून थोडं बघू.”

मग गप्पा. कुठला घाट चढताना थोरलीने शिव्या घातल्या, कुठल्या गावात चुकीच्या रस्त्याने जाऊन एका लग्नाच्या मांडवातच गाडी घातली, त्यावरून दोघींचे किती दिवस भांडण चालले. मिस्त्रीही बोलायचा. आईचे शेवटचे दिवस त्याने कुणाला सांगितले असतील तर याच दोघींना. तसा त्याच्याही पोटात बोलण्याचा साठा काही कमी नव्हता, पण तो बाहेर पडायला वर्षातून एकदाच वाट मिळायची. सगळ्यांची अंगे गारठून गेली की थोरली म्हणायची, “पुरे आता, आमचं आइस्क्रीम व्हायचं.” आणि त्या निघायच्या.

यंदा बॉनेट उघडून मिस्त्रीने दाब मोजायचे गेज लावले, तर काटा हलायलाच तयार नाही. गॅसचा टिपूस नव्हता.

“पार रिकामी आहे,” तो म्हणाला.

थोरली खाली उतरली आणि त्याच्या खांद्याशी येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती अशी कधी उभी राहिली नव्हती. आतून धाकटीची बडबड ऐकू यायची, मध्येच थोरलीचा हुंकार, आणि मिस्त्री बाहेर निवांत आपले काम करायचा. आज आत कुणी नव्हते, म्हणून ती बाहेर आली.

लीक बघायचे तर सिस्टीममध्ये थोडा दाब भरायचा आणि जोडांना साबणाचे पाणी लावायचे. मिस्त्रीने एकेक जोड बघितला. हाही ठीक, तोही ठीक. उगाच वेळ काढत होता. लीक कुठे आहे हे त्याला डोळे मिटून सांगता आले असते. शेवटी गॅस भरायच्या व्हॉल्व्हचे टोपण काढून त्यावर फेस लावणे भागच पडले. लावला मात्र, भराभर फुगे यायला लागले.

“हे काय?” थोरलीने वाकून विचारले.

“लीक आहे.”

“एवढ्याशातून?”

“आत पिन असते. टायरच्या व्हॉल्व्हमध्ये असते ना, तसलीच. तिचं रबर गेलं की गॅस थोडा थोडा जातो.”

“कधी गेलं रबर?”

“यंदाच गेलं असेल,” मिस्त्री म्हणाला.

सरळ सरळ खोटे बोलला. पहिल्या वर्षी घरगाडी आली तेव्हाच त्याने ते फुगे पाहिले होते. तेव्हा त्या मापाची पिन त्याच्याजवळ नव्हती, हे खरे. पुढच्या वेळी टाकू, असे मनाशी ठरवून त्याने गॅस भरून दिला. पुढच्या वर्षी त्या आल्या, तेव्हा डबीभर पिना आणून ठेवलेल्या होत्या. पण धाकटीने उतरता उतरताच “मिस्त्री, तुमच्यासाठी लोणी लावलेला पाव आणलाय” अशी हाक दिली आणि मिस्त्रीने डबी उघडलीच नाही. पिन बदलली की गॅस वर्षानुवर्षे टिकणार. मग या कशाला येतील? तो दर वर्षी टोपण तेवढे घट्ट लावून द्यायचा आणि गॅस जरा हात सैल सोडून भरायचा. कुणाचे काय नुकसान झाले, असे स्वतःलाच विचारून स्वतःच उत्तर द्यायचा. त्याला वाटायचे, कुणाचेच नाही.

थोरलीने कमरेवर हात ठेवले. “यंदा नाही मिस्त्री. गेल्या वर्षीच बंद पडला हा. तुमच्याकडून गेलो, आणि ऐन उन्हाळ्यात एका माळावर आधी कोमट हवा यायला लागली, मग गरम.”

मिस्त्रीच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

“हिच्या बाजूला ऊन. काच उघडावी तर झळा. ही म्हणत होती, वाटेत गॅरेज दिसतायत, कुठंतरी दाखवू. मीच म्हटलं, नाही. आपल्या मिस्त्रीशिवाय कुणाचा हात लागायला नको. भलत्या माणसानं भलतंच काहीतरी करून ठेवायचं. परत जाऊ तेव्हा तेच बघतील.” ती जरा थांबली. “मग ती बोलायची बंद झाली. मला वाटलं, रुसली. बघते तर मान टाकलेली. उभा जन्म मी आजारी माणसं वाहिली, आणि शेजारी बसलेली बहीण मला कळली नाही.”

“आहेत ना पण?” मिस्त्रीने विचारले.

“आहे. उष्माघात. पाय गेले होते, आता काठीनं चालते. डोंगरापलीकडं शुश्रूषा केंद्र आहे, तिथं ठेवलंय. आज सोडतायत तिला. पण या गाडीत पाय ठेवणार नाही म्हणते. गाडीचं सोडा, माझ्याबरोबर घरीच यायचं नाही म्हणते. म्हणे, तिथंच खोली बघीन आणि राहीन. मी जाते, समोर बसते, आणि ही खिडकीकडं तोंड करून बसते. तुझ्या हट्टानं झालं, एवढंच एकदा बोलली. खरंच आहे ते. थांबले असते तर झालं नसतं.” तिने रुमालाने नाक पुसले. “म्हटलं, निदान एसी चांगला गार करून न्यावा. दार उघडून तिला नुसती हवा दाखवावी. बघू, मन वळलं तर.”

मिस्त्रीने भरलेला दाब सोडून दिला, कपाटातून पिनांची डबी काढली, पान्याने जुनी पिन सोडवून बाहेर घेतली, नव्या पिनेला तेलाचे बोट लावले आणि ती बसवली. पुन्हा दाब भरून फेस लावला. एकही फुगा आला नाही. थोरली बघत होती.

“झालं?”

“झालं.”

इथे गप्प बसला असता तर भागले असते. गॅस भरला असता, थोरली निघून गेली असती आणि तिने जन्मभर स्वतःला बोल लावला असता. मिस्त्रीला ते कळत होते. बोललो तर ही बाई पुन्हा या शेडीचे तोंड बघणार नाही, हेही कळत होते.

“ताई, ही पिन यंदा गेलेली नाही,” जुनी पिन तळहातावर धरून तो म्हणाला. “गेल्या वर्षीही नाही. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हापासून ती अशीच आहे. मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी तर फुगे आत्ता आले तसेच भराभर येत होते. मी बघितले, टोपण लावलं आणि गॅस भरून दिला.”

“पिन मिळत नव्हती का?”

“डबीत होती. पिन बदलली असती तर तुम्ही परत आला नसतात.”

थोरलीने त्याच्याकडे रोखून पाहिले. “गिऱ्हाईक तुटेल म्हणून?”

हो म्हणाला असता तर सुटला असता. लबाड मिस्त्री जगाने पुष्कळ पाहिलेत. पण त्याच्याने हो म्हणवेना.

“गिऱ्हाईक म्हणून नाही. तुम्ही दोघी यायचात. आत बसून बोलायचात माझ्याशी.” त्याने मान खाली घातली. “दुसरं कुणी येत नाही ना.”

थोरली भडकली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, “आणि मी त्या माळावर तुमचं नाव घेऊन गाडी पुढे दामटली.”

ती जाऊन स्टीअरिंगवर बसली. मिस्त्रीने आतली हवा खेचून घ्यायला व्हॅक्यूम पंप लावला, मग गॅसचा सिलिंडर जोडला. तिने इंजिन सुरू केले, एसी पूर्ण वाढवला. कॉम्प्रेसरचा खट्ट आवाज आला आणि गेजचा काटा हवा तिथे जाऊन स्थिरावला. त्याने नळ्या सोडवल्या, टोपण लावले, बॉनेट पाडले. थर्मामीटर हातात घेतला आणि आत कसे जायचे, म्हणून तसाच बाहेर उभा राहिला.

थोरलीने पलीकडचे दार आतून उघडले. “बसा.”

“तुम्हीच बघितलंत तरी चालेल. जाळीत खोचायचा फक्त—”

“पारा बघायला नाही म्हणत मी. शेड बंद करा आणि बसा. आत्ता मला जे सांगितलंत ते तिला सांगायचं. माझ्या तोंडून ती काही ऐकून घेणार नाही.”

मिस्त्रीने शटर ओढले. किती वर्षांनी त्याने भर दुपारी शटर ओढले असेल, कोण जाणे. शेजारच्या पंक्चरवाल्याने “काय मिस्त्री, फिरायला का?” असे विचारलेसुद्धा. मिस्त्रीने हो की नाही कळणार नाही अशी मान हलवली.

या गाडीतून त्या दोघींबरोबर एकदा कुठेतरी जावे, अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती. कधी बोलून दाखवली नव्हती. आज ती अशी पुरी झाली. रस्ता पांढराफटक पडला होता, कडेच्या झाडांची पानेसुद्धा मलूल, आणि आत हवा इतकी गार, की गुडघे आखडले. एसी आता वर्षानुवर्षे असाच चालणार होता. थोरली गिअर बदलायची, आरसा बघायची. मिस्त्रीला लाज वाटत होती आणि लाजेहून जास्त भीती. धाकटीच्या हातातली काठी त्याला आत्तापासूनच दिसत होती.

शुश्रूषा केंद्राच्या लांब पडवीत फिनेलचा वास होता. धाकटी तिच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. मांडीशी भरलेली बॅग, खुर्चीला टेकवलेली काठी. चेहरा अर्धा झाला होता. थोरली आत आली तशी तिने तोंड फिरवले, पण मागोमाग मिस्त्री दिसला आणि तिच्याने राहवले नाही.

“मिस्त्री? तुम्ही इकडं कुठं?”

तिच्या आवाजात आनंद होता. बसा म्हणत होती, तरी तो बसला नाही. दाराशी उभ्या उभ्याच त्याने सांगून टाकले. पिनेचे, फुग्यांचे, डबीचे. मध्ये दोनदा अडखळला, पण काही गाळले नाही. “थोरल्या ताईंनी तुमचं ऐकलं नाही, कारण त्यांना वाटत होतं की माझं काम चोख असतं. चोख नव्हतं ते. मी मुद्दाम तसं ठेवलं होतं. त्यांचा हट्ट नाही, माझा दोष आहे,” तो म्हणाला आणि थांबला.

धाकटी बॅगेच्या पट्ट्याची शिवण नखाने उसवत बसली. मग मान वर करून ती बोलली, पण मिस्त्रीशी नाही.

“आणि तू इतके दिवस माझं मुकाट्यानं ऐकून घेतलंस?”

“मला तरी कुठं ठाऊक होतं,” थोरली म्हणाली.

“बोलायचं तरी. उलटून भांडायचं तरी. तू काय गप्प बसणारी आहेस?”

“तू बोलत नव्हतीस ना.” थोरलीचा आवाज एकदम चिरकला. “कुणाशी भांडू?”

धाकटीने हात पुढे केला. थोरलीने तो धरला आणि तिथेच पलंगाच्या कडेवर बसून, पदर तोंडाला लावून रडली. रुग्णवाहिका चालवणारी बाई अशी रडते, हे मिस्त्रीला ठाऊक नव्हते. कुठे बघावे ते त्याला कळेना. तो पडवीत निघाला.

“थांबा मिस्त्री,” धाकटी म्हणाली. “मला राग आलाय. तो जाईल की नाही, आत्ता नाही सांगता येत.”

“बरोबर आहे.”

“पण तुम्ही नुसतं ‘या’ म्हणाला असतात, तरी आलो असतो हो आम्ही. वाटेवरच तर आहे तुमची शेड.”

इतक्या वर्षांत हे मिस्त्रीच्या एकदाही मनात आले नव्हते. लीक ठेवायचे सुचले, टोपण घट्ट लावायचे सुचले, बिस्किटे आणायचे सुचले. या म्हणायचे तेवढे सुचले नव्हते.

निघताना थोरलीने धाकटीला धरून पुढच्या सीटवर बसवले, पट्टा लावून दिला, काठी पायाशी ठेवली. मिस्त्री बॅग घेऊन खाली उभा होता.

“मी बसनं जातो,” तो म्हणाला.

“आता कुठली बस? मागे बसा,” थोरली म्हणाली. आवाजात राग नव्हता आणि आग्रहही नव्हता. रस्त्यात भेटलेल्या कुणालाही तिने असेच बसवून घेतले असते.

तो मागच्या दाराने चढला आणि बाकड्यावर टेकला. गाडी हलली. जरा वेळाने पुढून थोरलीचा आवाज आला, “मिस्त्री, तो मधला पडदा ओढून घ्या हो. गार हवा सगळी मागे जातेय, हिच्या अंगाला लागत नाही.”

तिचे बरोबर होते. डॅशबोर्डचा एसी पुढच्या दोन माणसांपुरता असतो. अख्खी घरगाडी गार करण्याचा त्याचा वकूब नाही. मिस्त्री उठला, पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला आणि फट राहू नये म्हणून त्याची कडा खाली नीट खोचून घेतली.

मागे भट्टी होती. शर्ट पाठीला चिकटला. पुढे आधी नुसता इंजिनचा आवाज येत होता. मग थोरली काहीतरी म्हणाली, धाकटीने तिला खोडून काढले, थोरलीचा आवाज चढला आणि मग दोघींपैकी कुणीतरी हसले. शब्द काही कळत नव्हते. गाडी घाटाला लागली होती. वळणावर धाकटीची बॅग घसरायला लागली, तशी मिस्त्रीने ती उचलून मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.